बुरख्याखालचं कपाळ

फ्री स्टाइल कुस्तीचा खेळ मी आयुष्यात एकदाच पाहिला, आणि तोही कामावर असताना. साठ सालानंतरची गोष्ट. मी तेव्हा चोवीस वर्षांची होते आणि मालवणच्या किनाऱ्याला लागून असलेल्या एका गावातल्या दवाखान्यात नर्स म्हणून लागून मला दोन वर्षं झाली होती. सिंधुदुर्ग जिल्हा अजून व्हायचा होता. कागदोपत्री आम्ही सगळे रत्नागिरीचेच. दवाखान्यात एक डॉक्टर, एक मी आणि एक आया, एवढीच माणसं. डॉक्टर घाटावरचे, हाताला फार हुशार. अडलेली बाळंतीण त्यांच्या ताब्यात दिली की माझ्या जिवात जीव यायचा. आया गावातलीच, ख्रिस्ती, माझ्या आईच्या वयाची. ती मला ‘बाय’ म्हणायची आणि मी जेवले की नाही याची चौकशी केल्याशिवाय घरी जायची नाही.

वैशाखात मुंबईची माणसं गावी आली की गावात पैसा आणि रिकामा वेळ दोन्ही एकदम येत. त्याच सुमाराला एक लॉरी कर्णा लावून गावोगाव फिरू लागली. शाळेजवळच्या मळ्यात रविवारी चार वाजता कुस्त्या होणार होत्या. मातीतल्या नव्हेत, फ्री स्टाइल. लॉरीच्या अंगावर दोन पैलवान रंगवले होते. एक गोरापान, हसरा, डोक्यावर कुरळे केस. दुसऱ्याच्या तोंडावर पांढऱ्या कापडाचा बुरखा, डोळ्यांना आणि तोंडाला भोकं. हा परदेशी राक्षस असून त्याचा चेहरा आजवर कुणी पाहिलेला नाही, असं कर्णा सांगायचा. तो चेहरा आपल्या गावात उघडा पडणार, असंही सांगायचा.

मला जायचं नव्हतं. माझे दोघे भाऊ देवळामागच्या तांबड्या मातीत कुस्ती खेळत वाढले होते. त्यांचे मोडके कान, सुजलेले गुडघे मी लहानपणापासून शेकले होते. तेवढी कुस्ती मला पुरे होती. पण रविवारी सकाळी त्या खेळाचा मालक दवाखान्यात आला. वैशाखाच्या उन्हात कोट घातलेला, डोक्याला एवढं वासाचं तेल की आमच्या फिनेलचा वास मागे पडला. डॉक्टरांनी पुढच्या रांगेत मामलेदारांशेजारी बसावं, समोर औषधपेटी ठेवलेलं टेबल असावं आणि बाजूला पांढऱ्या साडीतली नर्स असावी, अशी त्याची विनंती होती. लोकांना खेळ खरा वाटतो, असं तो उघडच म्हणाला. डॉक्टर नाही म्हणतील असं मला वाटलं होतं. ते हसले आणि मला म्हणाले, चार वाजता तयार राहा.

जाता जाता मालकानं थोडी चिकटपट्टी मागितली. एका पैलवानाचं बोट मुरगळलंय म्हणाला. मी वीतभर कापून दिली.

मळ्यात भाताची धसकटं नुकतीच जाळलेली होती. त्यावर फळ्या टाकून, वर पेंढा पसरून, त्याच्यावर शिडाचं जुनं कापड ताणून बसवलं होतं. चार कोपऱ्यांना सुरूचे खांब आणि त्यांना होडीचे दोर. देवबागेहून होड्या भरून माणसं आली होती. एका बाजूला बायका होत्या, त्यांतल्या काही तान्ह्या मुलांना घेऊन. भज्यांच्या करपलेल्या तेलाचा वास, माणसांच्या घामाचा वास आणि वर त्या शिडाच्या कापडात मुरलेला मासळीचा वास. आमचं टेबल रिंगणाला अगदी खेटून होतं. कापडावर आधीच्या गावचे तपकिरी डाग होते. ते कशाचे ते माझ्या तेव्हाच लक्षात आलं. दवाखान्याच्या टेबलावरच्या चादरींवर तसलेच डाग राहायचे.

पहिल्या दोन जोड्या अर्ध्या तासात आटोपल्या. इतक्या जवळून सगळं दिसत होतं. मारणारा हाताच्या तळव्यानं छातीवर मारी आणि त्याच क्षणी फळीवर पाय आपटी, म्हणजे आवाज मोठा होई. खरोखर आपटलेल्या माणसाचा एवढा आवाज होत नाही, हे मला भावांमुळे ठाऊक होतं. तो आपटतो तेव्हा फक्त हुंकारतो. मग ते ओरडणं, केस धरून फरफटणं, पंचाच्या पाठीमागे चावणं. लोक हसून हसून लोळत होते. आपल्याकडे दशावतारातसुद्धा राक्षस पडतो, आरडाओरडा करतो, आणि ते बघायला मला आवडतं. तिथं तो राक्षस पडताना प्रेक्षक त्याला मनातून दाद देत असतात. इथं कुणी दाद देत नव्हतं. कुणाला तरी खरंच लागावं, याची सगळे वाट पाहत होते.

मग गोरा पैलवान आला, टाळ्या घेत रिंगणाभोवती फिरला, आणि त्याच्या मागून तो बुरखेवाला. थोराड देह, पण पोट सुटलेलं, मांड्यांचं मांस लोंबायला लागलेलं. येताच तो बायकांच्या दिशेनं पाहून थुंकला. त्यानं पंचाला ढकललं. दोरांखालून मूठभर माती घेऊन गोऱ्याच्या डोळ्यांत फेकली. कुणीतरी त्याला शहाळ्याचं फोडलेलं कवच फेकून मारलं, तर त्यानं ते उचलून चाटलं आणि पुन्हा बायकांकडे भिरकावलं. आमच्याबरोबर खेळ बघायला आलेली आया माझ्या शेजारी उठून उभी राहिली. एरवी दवाखान्यात रक्ताची बशी उचलताना मान फिरवणारी बाई, ‘मार रे त्येका, फोड त्येचा कपाळ’ असं घसा ताणून ओरडत होती. मला तिची किळस आली, आणि पुढच्याच क्षणी माझ्याच तोंडून निघालं, एक तरी चांगला बसू दे मेल्याला. मी ते हळू म्हणाले, पण म्हणाले. हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही.

तो चांगला बसला. गोऱ्यानं पंचाची लाकडी खुर्ची उचलून त्याच्या पाठीत घातली. बुरखेवाला आमच्या बाजूच्या दोरांखाली पालथा पडला, माझ्यापासून दोन हातांवर. लोकांना त्याची पाठ दिसत होती. मला त्याचा उजवा हात दिसत होता. मधल्या बोटाला चिकटपट्टी होती, मी सकाळी कापून दिलेली, आणि पट्टीतून दाढीच्या पात्याचं टोक बाहेर आलेलं होतं. त्यानं ते बोट बुरख्याच्या कडेखाली कपाळावर नेलं आणि ओढलं. भाजी चिरणारी बाई जेवढ्या निर्विकारपणे चिरते, तेवढ्याच निर्विकारपणे.

बुरखा पांढरा कशासाठी, ते मला तेव्हा कळलं. तो उठून उभा राहिला तेव्हा कापड डोळ्यांपर्यंत लाल झालं होतं. मळाभर असा आवाज उठला की टेबलावरच्या बाटल्या थरथरल्या. पुढच्या रांगेतला पोलीस जमादार मांडीवर थाप मारून हसत होता. पण पातं आज जरा जास्तच खोल गेलं होतं. रक्त ओघळत नव्हतं, ठोक्याठोक्यानं उडत होतं. मी डॉक्टरांना म्हटलं, शीर तुटली आहे.

“बसा हो,” ते म्हणाले. “हे सगळं ठरलेलं असतं.”

मी म्हटलं, ठरलेलं असेल, पण थांबत नाही. त्यांनी पाहिलं. त्यांना कळलं, हे मी त्यांच्या तोंडावर वाचलं. एवढं हुशार डोकं त्यांचं. मग ते मामलेदारांकडे वळून काहीतरी बोलू लागले. मला वाटतं, त्या माणसाविषयीचा माझा सगळा आदर त्या एका मान वळवण्यात गेला. पुढे वर्षभर त्यांच्या हाताखाली काम केलं, पण अडलेली बाळंतीण त्यांच्या ताब्यात देताना पूर्वीसारखा धीर आला नाही.

गोऱ्यालाही काहीतरी चुकल्याचं समजलं असावं. त्यानं बुरखेवाल्याला दोरांबाहेर ढकललं. मालकानं कर्ण्यावरून सांगितलं की राक्षस पळून गेला आहे, मध्ये एक जोड होईल आणि मग त्याला फरफटत आणून त्याचा बुरखा फाडला जाईल. दोघांनी त्याला काखेत धरून शाळेच्या खोलीत नेलं. मी पेटी उचलली आणि मागोमाग गेले. आया माझ्यामागून आली, ती मदतीला की बघायला, हे तिलाच ठाऊक.

खोलीत भिंतीवर नकाशा होता आणि बाक एकावर एक रचलेले होते. त्याला जमिनीवर बसवून मी बुरखा वर केला. आत पन्नाशीचा माणूस होता. डाव्या कानाची पाळी चुरगळून मांसाचा गोळा झालेला, तसा मातीतल्या पैलवानाचा होतो. आणि कपाळ, माडावर चढायला बुंध्यात खाचा पाडतात ना, तसं. उभ्या, आडव्या, जुन्या, अर्धवट भरलेल्या जखमा. कापडाखाली रक्त, घाम आणि कोंदट तोंडाचा वास एकत्र साचला होता. दवाखान्यात गँगरिन झालेले पाय मी धुतले होते, पण तेव्हा कधी खिडकी गाठावी लागली नव्हती. मी खिडकीशी जाऊन दोन श्वास घेतले आणि परत आले.

बोटानं शीर दाबून धरली, टिंक्चर लावलं आणि सुई ओवली. बधिर करायचं औषध पेटीत नव्हतं. ती दाखवायची पेटी होती. कातडी इतक्यांदा फाटलेली की सुई घातली की टाका धरेना, दोरा ओढला की मांस कापत बाहेर येई. मी जखमेच्या कडेपासून थोडं लांबून, खोल टाका घेतला. तेव्हा तो पहिल्यांदा बोलला, आणि अस्सल मालवणीत बोलला.

“बाय, घट शिवू नको. फुडल्या आयताराक कपाळ हयसरच परत फाडूचा आसा.”

माझा हात थांबला. दाराशी उभी असलेली आया दोन पावलं आत आली. मी त्याला विचारलं, तू इकडचाच का? तो हो म्हणाला. कुडाळाच्या पलीकडचा. पंचवीस वर्षांपूर्वी मुंबईला गेला, गोदीत कामाला लागला, तिथल्या तालमीत नाव काढलं, पुढे या मालकाच्या हाती लागला. पहिली काही वर्षं जिंकणारा होता. वय झालं तसं मालकानं त्याला हरणाऱ्याचं काम दिलं. घाटावर, बेळगावकडे तो उघड्या तोंडानंच खेळतो, बुरखा फक्त आपल्या मुलखात. हे सगळं त्यानं मी टाके घालत असताना सांगितलं, कुणा तिसऱ्याच माणसाची हकीगत सांगावी तसं.

“घराकडे सगळ्यांका वाटता मी बोटीर आसंय,” तो म्हणाला.

मी टाके घट्ट घातले. पाच घातले. तो नाराज झाला. बुरखा कुठेतरी धुऊन वाळत घालता येईल का, एवढंच त्यानं आयाला विचारलं.

तेवढ्यात मालक आला. बाहेर लोक ओरडत होते, बुरखा काढा म्हणून. मालकानं आधी या माणसाला शब्द दिला होता की बुरखा ओढायचं नाटक होईल पण बुरखा निघणार नाही. आता म्हणाला, लोक ऐकत नाहीत, रिंगण मोडतील, काढावाच लागेल. बुरखेवाल्यानं दोन्ही हातांनी डोकं धरलं. टाक्यांना धक्का लागेल म्हणून मी त्याचे हात खाली घेतले, तर ते थरथरत होते. पाच टाके बधिर न करता घेताना ते हात थरथरले नव्हते.

मालकाला मी सांगितलं की जखमी माणसाला मी सोडणार नाही. तो म्हणाला, तुमचे डॉक्टर काही म्हणत नाहीत, तुम्ही कोण? आणि तो दारात उभा राहून घड्याळ बघू लागला. मग मला एकच सुचलं. पेटीत होत्या नव्हत्या तेवढ्या पट्ट्या काढल्या आणि त्याचं सगळं डोकं गुंडाळलं. कपाळ, गाल, हनुवटी, तो चुरगळलेला कानसुद्धा. एक डोळा आणि ओठ तेवढे मोकळे ठेवले. आयानं न सांगता पट्टीचं दुसरं टोक धरलं. वरून तो आयानं धुऊन आणलेला ओला, थंडगार बुरखा त्यानं स्वतःच चढवला आणि बाहेर गेला.

मी टेबलाशी जाऊन उभी राहिले. गोऱ्यानं त्याला गुडघ्यावर बसवलं, बुरखा धरला, चारी बाजूंना बघून टाळ्या मागितल्या आणि ओढला. आतून पट्ट्याच निघाल्या. मग फसवलं, फसवलं असा गलका झाला. कवचं, दगड, शेणाचे गोळे येऊ लागले. माझ्या साडीवर शेण बसलं. बायकांतून कुणीतरी एक चप्पल फेकली. गोऱ्यानं पट्टीचं टोक शोधून हातात घेतलं. मी ओरडले, हात लावू नका, टाके आहेत. पुढच्या रांगेतली माणसं माझ्याकडे बघून हसली. त्यांना मीही खेळातलीच वाटले. डॉक्टरही हसले.

बुरखेवाला मान वर करून गोऱ्याला काहीतरी बोलला. काय ते मला ऐकू आलं नाही. गोऱ्यानं पट्टी सोडली, दोन पावलं मागे गेला आणि त्याच्या पाठीत अशी लाथ घातली की तो दोरांखालून घरंगळत खाली धसकटात पडला. लाथ खोटी होती, मी पाय फळीवर आपटलेला ऐकला. लोकांचं मात्र तेवढ्यावर भागलं. टाळ्या पडल्या. गोऱ्याला खांद्यावर घेऊन मिरवलं. उन्हं उतरायच्या आत मळा रिकामा झाला, आणि शिडाचं कापड गुंडाळून लॉरी निघूनही गेली. दहा दिवसांनी टाके काढायला ये, असं मी त्याला सांगितलं होतं. तो अर्थातच आला नाही.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी मला पट्ट्यांबद्दल विचारलं. सरकारी माल असा उधळायचा नसतो म्हणाले. येणाऱ्या प्रत्येक पेशंटला मात्र ते सांगत होते की राक्षसाचं डोकं आम्ही शिवलं. गावात दोन तट पडले होते. रक्त खरं म्हणणारे आणि कुंकवाचं पाणी म्हणणारे. दुसरे जास्त होते आणि तेच जास्त चिडलेले होते. आपली फसवणूक झाली, रक्त खरं नव्हतं, याचं त्यांना दुःख होतं. पुढच्या पंधरवड्यात तीन तरणेताठे गडी कपाळ चिरून दवाखान्यात आले. किनाऱ्यावर वाळूत खेळ लावला होता म्हणाले. तिघांनाही मी शिवलं. एकजण टाके पडताना मित्रांकडे बघून डोळे मिचकावत होता. त्याच्या कानाखाली वाजवावी असं मला फार वाटलं.

आयानं सोमवारी सकाळीच मला विचारलं होतं, “बाय, तो आपल्याच हयलो मा?” मी म्हटलं, तू ऐकलंस ना, मग मला कशाला विचारतेस. कुणाला बोलू नकोस. ती गळ्यातल्या क्रुसाला हात लावून नाही म्हणाली. आठ दिवसांत अख्खा गाव म्हणू लागला की राक्षस कुडाळाकडचा होता. तिचा राग तरी किती करायचा. पट्टीचं टोक धरणारीही तीच होती.

महिन्याभरानं एक बाई आली. पावसाळा तोंडावर आला होता आणि ती वालावलच्या बाजूनं एसटीनं, मग उरलेलं पायी, अशी आली होती. चाळिशीची, काटक, नऊवारीचा काष्टा घट्ट मारलेला. तिला काही झालेलं नव्हतं. पेशंट संपेपर्यंत ती बाकावर बसून राहिली आणि मग माझ्याजवळ येऊन म्हणाली की तिचा घोव, म्हणजे नवरा, बोटीवर असतो, पण बाजारात लोक काहीबाही बोलतात. तुम्ही ज्याला शिवलंत तो दिसायला कसा होता?

मी सांगितलं, उत्तरेकडचा होता, हिंदी बोलत होता.

“त्येचो डावो कान कसो होतो?”

धडधाकट होता, मी म्हटलं. दोन्ही कान चांगले होते.

तिनं माझ्या तोंडाकडे बराच वेळ पाहिलं. तिला पटलं की नाही, ते मला आजही सांगता येत नाही. आया मोरीत भांडी घासत होती, तिनं पाणी ओतायचं थांबवलं होतं. मग ती बाई म्हणाली, बरं झालं. पदराला डोळे वगैरे लावले नाहीत. पिशवीतून तिनं कोकमाच्या सोलांची एक पुडी काढून माझ्या टेबलावर ठेवली. हे कशाला, मी म्हटलं.

“माझ्या नाय तर नाय, कोणाच्या तरी घोवाक शिवलात मा तुमी,” ती म्हणाली. मग दारापर्यंत जाऊन वळली आणि त्या माणसाला फार दुखलं का, असं तिनं विचारलं. मी नाही म्हटलं.

ती गेल्यावर मी हात धुतले. साबण लावून दोनदा धुतले. त्या मळ्यात काय ते नाटक झालं म्हणून मी महिनाभर सगळ्यांना नावं ठेवत होते, आणि आत्ता टेबलाशी उभं राहून मी केलं तेही त्याच खेळातलं पुढचं काम होतं. तिला खरं सांगायला हवं होतं का? सांगितलं असतं तर काय झालं असतं, याचा विचार मी पुष्कळ वर्षं केला. दर वेळी वेगळं उत्तर येतं.

त्या सोलांची कढी माझ्या घशाखाली उतरली नसती. मी पुडी आयाला दिली. तिनं ती उघडून वास घेतला, चांगली मुरलेली आहेत म्हणाली, आणि घरी घेऊन गेली. पुढल्या वर्षी मी बदली मागून मिठबावकडे गेले.